आड की पोहरा?

समुद्राच्या उदरात वडवानल नावाचा अग्नी सतत धगधगत असतो, अशी कल्पना भारतीय पुराणांत आढळते. पाणी हे अग्नीचे वैरी. मग पाण्याच्या पोटी अग्नी कसा राहील, असे कोणालाही वाटेल. परंतु अठराव्या शतकातील शास्त्रज्ञांनी प्रयोगाने जे सिद्ध केले, ते या कल्पनेहून कमी नवलाचे नाही. पाण्याच्या प्रत्येक थेंबात एक जळणारा वायू बांधलेला आहे. त्या वायूचे नाव हायड्रोजन. मराठीत त्याला उद्जन असेही म्हटले जाई. उद म्हणजे पाणी. पाण्याला जन्म देणारा तो उद्जन.

आज हाच वायू जगभर मोठ्या वादाचा विषय झाला आहे. तापत चाललेल्या पृथ्वीला वाचविणारे इंधन म्हणून कोणी त्याचा गौरव करतात, तर कोणी त्याला महागडा भ्रम म्हणतात. दोन्ही पक्षांत जाणती माणसे आहेत. त्यांचे म्हणणे नीट समजून घ्यावयाचे, तर या वायूचा स्वभाव आधी ओळखला पाहिजे.

इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाचा एक एकलकोंडा शास्त्रज्ञ होता. धातूंवर आम्ल ओतले असता बुडबुड्यांच्या रूपाने जो वायू निघतो, त्याचा त्याने बारकाईने अभ्यास केला व १७६६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तो वायू हवेहून कितीतरी हलका होता आणि ज्योत लावताच पेट घेत होता. पुढे कॅव्हेंडिशला असेही दिसून आले, की हा वायू हवेत जळाला म्हणजे धूर होत नाही, राख उरत नाही. भांड्याच्या आतील बाजूस केवळ पाण्याचे थेंब जमतात. फ्रान्समधील लाव्हाझ्ये याने हे प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि पाणी उत्पन्न करणारा या अर्थाचे ग्रीक नाव त्या वायूला दिले.

या वायूच्या हलकेपणाचा उपयोग लवकरच झाला. २७ ऑगस्ट १७८३ रोजी जाक शार्ल याने पॅरिस शहरात हायड्रोजनने भरलेला फुगा आकाशात सोडला. तो गोनेस नावाच्या खेड्यात जाऊन उतरला. आकाशातून उतरलेला तो हलणारा गोळा पाहून तेथील शेतकरी घाबरले आणि त्यांनी तो फाडून टाकला. नव्या गोष्टीविषयी माणसाला एकाच वेळी कुतूहलही वाटते आणि भयही वाटते. हायड्रोजनच्या बाबतीत हे दोन्ही भाव आजतागायत टिकून आहेत.

१८०० साली लंडनमध्ये निकल्सन व कार्लाइल या दोघांनी पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला. तेव्हा पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन वायू झाले. या क्रियेला विद्युत अपघटन म्हणतात. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह याने ही क्रिया उलटी फिरविली. दोन वायूंचा संयोग घडवून त्याने वीज मिळविली. आज ज्याला इंधनघट म्हणतात, त्याचा हा आरंभ होय. १९६९ साली माणूस प्रथम चंद्रावर उतरला, त्या प्रवासात यानाला लागणारी वीज अशाच इंधनघटांतून मिळाली आणि त्यांतून बाहेर पडणारे पाणी अंतराळवीर प्याले.

आता या वायूकडे जगाचे लक्ष पुन्हा का वळले, ते पाहू. कोळसा, पेट्रोल, डिझेल व नैसर्गिक वायू या सर्व इंधनांत कार्बन असतो. ती जळली म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण होतो. हा वायू पृथ्वीभोवती पांघरुणासारखे काम करतो. पृथ्वीने बाहेर टाकलेली उष्णता तो अडवून धरतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक झाले आहेत. पांघरूण जाड झाले, की अंगात ऊब वाढते; तसेच पृथ्वीचे झाले आहे. उन्हाळे अधिक कडक होत आहेत, हिमनद्या वितळत आहेत व समुद्राची पातळी चढत आहे. अशा वेळी जळल्यावर केवळ पाणी देणारे इंधन हे वरदानच वाटावे, यात नवल नाही. शिवाय ते दुबळेही नाही. एक किलो पेट्रोलपासून जितकी उष्णता मिळते, तिच्या जवळजवळ पावणेतीनपट उष्णता एक किलो हायड्रोजनपासून मिळते.

कोळसा संपला तर माणसाने काय जाळावे? फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याने १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कादंबरीत या प्रश्नाचे उत्तर एका पात्राच्या तोंडी घातले आहे. पुढे कोळशाची जागा पाणी घेईल, असे ते पात्र सांगते. कल्पना मनोहर आहे. परंतु येथेच वादाला प्रारंभ होतो. पाणी हे इंधन नव्हे. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन होय. लाकूड जळून जशी राख होते, तसे हायड्रोजन जळून पाणी होते. राखेचे पुन्हा लाकूड करावयाचे, तर जितकी उष्णता लाकडाने दिली होती, निदान तितकी शक्ती तरी परत ओतावी लागेल. पाण्यातून हायड्रोजन काढणे हे असेच काम आहे.

निसर्गात मोकळा हायड्रोजन फार थोडा सापडतो. तो बहुधा पाण्यात ऑक्सिजनशी किंवा खनिज इंधनांत कार्बनशी जखडलेला असतो. त्याला सोडविण्यासाठी शक्ती खर्च करावी लागते. कोळशाप्रमाणे तो खाणीतून आयता मिळत नाही. म्हणून हायड्रोजन हा शक्तीचा आड नव्हे. तो शक्ती वाहून आणणारा पोहरा आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आहे. हायड्रोजनविषयीचा सारा वाद या एका म्हणीत सामावलेला आहे.

मग हा पोहरा आज कोणत्या आडातून भरला जातो? २०२३ साली जगात सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन वापरला गेला. तो मुख्यत्वे तेलशुद्धीच्या व खतांच्या कारखान्यांत लागला. त्यातील बहुतेक सारा नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून तयार झालेला होता. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना सुमारे दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशापासून काढल्यास याच्या जवळजवळ दुप्पट. जगभरच्या हायड्रोजननिर्मितीतून दर वर्षी ९० कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. धूर मोटारीच्या मागून निघाला नाही, तरी तो कारखान्याच्या धुराड्यातून निघालाच. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

हायड्रोजनला स्वतःचा रंग नाही. परंतु तो कसा तयार झाला, हे चटकन कळावे म्हणून लोकांनी त्याला रंगांची नावे दिली आहेत. नैसर्गिक वायूपासून केलेला तो करडा हायड्रोजन. तसेच करून, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली गाडला, तर तो निळा. सूर्य, वारा अथवा वाहते पाणी यांपासून मिळालेल्या विजेने पाण्याचे अपघटन केले, तर तो हिरवा.

यांतील निळ्या रंगावरून मोठीच खडाजंगी झाली. २०२१ साली अमेरिकेतील रॉबर्ट हॉवर्थ व मार्क जेकबसन या दोन प्राध्यापकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. नैसर्गिक वायू विहिरींतून व नळांतून गळतो, आणि धुरातील सगळाच कार्बन डायऑक्साइड पकडता येत नाही, हे हिशेबात घेतले, तर निळा हायड्रोजन वापरण्यापेक्षा नैसर्गिक वायू सरळ जाळलेला बरा, असे त्यांनी दाखविले. इतर शास्त्रज्ञांनी उत्तर दिले, की गळती अगदी थोडी ठेवली व बहुतेक सर्व कार्बन डायऑक्साइड पकडला, तर हा दोष पुष्कळ कमी होतो. म्हणजे खरे उत्तर रंगात नसून नळ किती घट्ट आहेत, यात आहे.

हिरव्या हायड्रोजनचीही परीक्षा घेतली पाहिजे. आजच्या यंत्रांनी एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. ही वीज कोळशाच्या विद्युतगृहातून आली, तर तेवढ्यासाठी सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. करड्या हायड्रोजनचे दहा किलो कोठे आणि हे पन्नास कोठे! पाण्यातून काढला एवढ्याने हायड्रोजन हिरवा होत नाही. तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे पाहावे लागते.

या गोष्टीचा एक बोलका दाखला भारतातच आहे. १९६१ साली पंजाबात सतलज नदीच्या काठी नांगल येथे खताचा कारखाना सुरू झाला. भाक्रा-नांगल प्रकल्पाची जलविद्युत वापरून तेथे पाण्याचे अपघटन होई, आणि त्या हायड्रोजनपासून अमोनिया व पुढे खत तयार होई. हिरवा हायड्रोजन हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट घडली. परंतु विजेवर एकट्या कारखान्याचाच हक्क नसतो. शेतीचे पंप, घरे, गिरण्या या सर्वांना ती हवी असते. १९७८ साली त्याच नांगलला इंधनतेलापासून हायड्रोजन काढणारी नवी यंत्रसामग्री सुरू झाली आणि २०१३ साली तेलाची जागा नैसर्गिक वायूने घेतली. विद्या ठाऊक होती, यंत्रे होती, पाणीही होते. प्रश्न होता तो पुरेशा व स्वस्त विजेचा. तोच प्रश्न आजही उभा आहे.

म्हणून टीकाकार विचारतात, की हाती आलेली वीज थेट वापरावयाची सोडून तिचा हायड्रोजन का करावयाचा? त्यांचा हिशेब साधा आहे. पवनचक्कीची १०० युनिट वीज बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीला दिली, तर सुमारे ७० ते ८० युनिट चाके फिरविण्याच्या कामी येतात. तीच वीज हायड्रोजनच्या मार्गाने गेली, तर काही भाग अपघटनात जातो, काही वायू दाबून भरण्यात जातो, काही इंधनघटात जातो. चाकांपर्यंत सुमारे २५ ते ३५ युनिटच पोहोचतात. पोहरा भरतो खरा, पण वर येईतो निम्म्याहून अधिक पाणी सांडते.

साठवणीची अडचण निराळीच. हायड्रोजन इतका विरळ आहे, की मोटारीच्या टाकीत तो हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट दाबाने कोंबावा लागतो. द्रवरूप करावयाचा, तर उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. त्याचे रेणू अतिशय लहान असल्याने ते बारीकशा फटीतूनही निसटतात. निसटलेला हायड्रोजन अगदी निरुपद्रवी नसतो. मिथेन नावाचा उष्णता अडविणारा वायू हवेतील ज्या घटकांमुळे नष्ट होतो, ते घटक हायड्रोजन खर्च करून टाकतो. त्यामुळे मिथेन हवेत अधिक काळ टिकतो.

आगीचे भय तर सर्वांच्या मनात आहे. ६ मे १९३७ रोजी हिंडेनबर्ग हे हायड्रोजनने भरलेले जर्मन वायुयान अमेरिकेत लेकहर्स्ट येथे उतरताना पेटले व ३६ माणसे मृत्यू पावली. तेव्हापासून हायड्रोजन म्हणजे स्फोट, असे समीकरण लोकांच्या मनात बसले. हे मात्र सर्वस्वी न्याय्य नाही. पेट्रोलही पेटते. हलकेपणामुळे हायड्रोजन मोकळ्या जागेत झटकन वर निघून जातो, आणि कारखान्यांत तो शंभर वर्षांहून अधिक काळ हाताळला जात आहे. दक्षता हवी, परंतु केवळ भीतीने निर्णय होऊ नये.

अलीकडच्या काही वर्षांत या वादाची परीक्षा प्रत्यक्ष व्यवहारात झाली. जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्यात २०१८ साली हायड्रोजनवर चालणारी आगगाडी प्रवाशांची ने-आण करू लागली व २०२२ साली एका मार्गावर अशा १४ गाड्या ठरल्या. पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या रेल्वेसंस्थेने हिशेब मांडला आणि यापुढील गाड्या बॅटरीवर चालणाऱ्या घेण्याचे ठरविले. कारण त्या चालविण्यास स्वस्त पडतात. इंग्लंडमधील व्हिटबी या वस्तीतील सुमारे २,००० घरांत नैसर्गिक वायूऐवजी हायड्रोजन देण्याची योजना होती. तेथील रहिवाशांनी तिला कडाडून विरोध केला व २०२३ साली सरकारने ती रद्द केली. घर उबदार ठेवण्यासाठी विजेवर चालणारा उष्णतापंप कितीतरी कमी विजेत तेच काम करतो, असा टीकाकारांचा युक्तिवाद होता.

एवढे ऐकून हायड्रोजनचा नाद सोडावा, असे वाटेल. परंतु समर्थकांची बाजूही तितकीच भक्कम आहे. ती मात्र निराळ्या क्षेत्रात आहे. काही कामे अशी आहेत, की तेथे वीज थेट पोहोचू शकत नाही. लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेले असते. झोतभट्टीत कोळशाचा कोक तो ऑक्सिजन काढून घेतो. म्हणूनच एक टन पोलाद तयार होताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेच काम हायड्रोजन करू शकतो, आणि मग धुराऐवजी वाफ निघते. स्वीडनमधील लुलेओ येथील प्रायोगिक कारखान्यात २०२१ साली या रीतीने लोखंड तयार झाले आणि त्यापासून पोलादही करण्यात आले.

खताचेही तसेच. अमोनिया हा नायट्रोजन व हायड्रोजन यांचा संयोग आहे. हायड्रोजनवाचून तो होतच नाही. जर्मन शास्त्रज्ञ हाबर व बॉश यांनी शोधलेल्या रीतीने १९१३ पासून तो कारखान्यात तयार होत आला आहे. आज जगातील कोट्यवधी माणसांचे अन्न या खतावर अवलंबून आहे. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे जो मोठा खतकारखाना आहे, तेथेही हायड्रोजन नैसर्गिक वायूपासूनच मिळतो. शेतकऱ्याच्या हातातील युरियाची गोणी आणि तापणारी पृथ्वी यांचा संबंध असा आहे. तेथे करड्याच्या जागी हिरवा हायड्रोजन आला, तर पीकही टिकेल व हवाही राखली जाईल. याच मालिकेत दूर पल्ल्याची जहाजे येतात.

भारत सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास संमती दिली व त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठरविली. २०३० पर्यंत दर वर्षी निदान ५० लाख टन हिरवा हायड्रोजन तयार करण्याइतकी क्षमता उभारावी, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी सुमारे १,२५,००० मेगावॅट क्षमतेची नवी सौर व पवन विद्युतकेंद्रे लागतील, असा अंदाज आहे. एक किलो हायड्रोजन तयार होताना दोन किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडता कामा नये, तरच त्याला हिरवा म्हणावे, असा दंडकही त्याच वर्षी घालून देण्यात आला. महाराष्ट्र शासनानेही २०२३ साली आपले हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले. त्यापूर्वी २०२२ साली पुणे येथे देशात विकसित झालेल्या इंधनघटावर चालणारी बस लोकांसमोर आली होती. एक किलो हायड्रोजनसाठी निदान नऊ किलो पाणी लागते. ज्या गावांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा कारखाना काढताना पाणी कोणाच्या वाट्याचे, हेही आधी विचारले पाहिजे.

असा हा वाद आहे. हायड्रोजन चांगला की वाईट, असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर कधीच मिळणार नाही. सुरी चांगली की वाईट, हे ती कोणाच्या हाती व कशासाठी आहे, यावर ठरते. प्रश्न दोनच आहेत. हायड्रोजन कशापासून केला? आणि ज्या कामी तो लावला, ते काम त्याच्यावाचून होण्यासारखे होते काय? दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तेथे हा वायू मानवाचा मोठा मित्र ठरेल. एकही उत्तर खोटे असेल, तर हिरवे नाव धारण करूनही तो पृथ्वीला तापवीतच राहील.

पोहरा कितीही सुबक असला, तरी तहान भागते ती आडातील पाण्याने. आड सूर्याचा, वाऱ्याचा व वाहत्या नदीचा असावा आणि पोहऱ्यातून एक थेंबही उगाच सांडू नये, एवढे शहाणपण माणसाने दाखविले पाहिजे.

स्वाध्याय

१. पाण्याला ‘जळून गेलेला हायड्रोजन’ का म्हटले आहे?
२. करडा, निळा व हिरवा हायड्रोजन यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.
३. नांगल येथील कारखान्याच्या इतिहासावरून कोणता बोध घेता येतो?
४. मोटारीसाठी हायड्रोजन वापरण्यास टीकाकारांचा आक्षेप का आहे? पोलादासाठी तोच आक्षेप का लागू पडत नाही?
५. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ आणि ‘दिव्याखाली अंधार’ या म्हणी पाठात कोणत्या अर्थाने आल्या आहेत, ते लिहा.
६. वर्गात दोन गट करून या विषयावर वादविवाद करा. प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता, हे शेवटी प्रामाणिकपणे सांगावे.